काका, ही गोळी लपवून घेऊ नका

कराडला माझं मेडिकल आहे. दुकानात गर्दी असली की काही पुरुष कडेला थांबून राहतात. बाकीची गिऱ्हाइकं गेली की पुढे येतात, खिशातून घडी घातलेला कागद काढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "ताई, ह्यातली ती रात्रीची तेवढी द्या." कागद उघडला की बहुतेक वेळा टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम असतं, एकटं किंवा ड्युटास्टेराइडच्या जोडीनं. म्हणजे प्रोस्टेटची गोळी. साठी ओलांडलेल्या निम्म्याअधिक पुरुषांची ही ग्रंथी थोडीफार वाढलेली असते, तरीही हा विषय आपल्याकडे कुजबुजीतच राहिला आहे.

ही औषधं चांगली आहेत, कितीतरी वर्षं वापरात आहेत, आणि त्यांच्यामुळे लोक रात्री नीट झोपायला लागल्याचं मी स्वतः पाहिलंय. दुकानात बसून मला जे धोके दिसतात, त्यातले बरेचसे एकाच कारणानं येतात: घेणारा माणूस ती कुणाला सांगत नाही. बायकोला नाही, बीपीच्या डॉक्टरांना नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना तर नाहीच. म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. तरुणपणी अक्रोडाएवढी. वय वाढलं की ती वाढते आणि नळी आवळते. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही औषधं ग्रंथी लहान करत नाहीत. तिथले आवळलेले स्नायू सैल करतात, म्हणून काही दिवसांतच धार सुधारते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड मात्र ग्रंथीच हळूहळू लहान करतात, आणि त्याला सहा महिनेसुद्धा लागतात. हा फरक माहीत नसला की माणूस महिन्याभरात "गुण नाय ताई" म्हणून दुसरी गोळी बंद करतो आणि पहिलीला गुण आला म्हणून तीही बंद करतो. दोन्हीकडून नुकसान.

स्नायू सैल करणारं हे औषध रक्तवाहिन्यांवरही थोडं काम करतं. त्यामुळे एकदम उठून उभं राहिलं की बीपी खाली येतं आणि चक्कर येते. सुरुवातीच्या दिवसांत हे जास्त होतं, डोस वाढवला तरी होतं. आता हे वयस्कर माणसाच्या रात्रीशी जोडून बघा. प्रोस्टेटमुळे तो रात्रीत तीन-चारदा उठतो. झोपेतून थेट उभा राहतो, अंधारात, आणि आमच्याकडे खेड्यांतून अजून बऱ्याच घरांत संडास परसात असतो, मधे एखादी पायरी, ओली फरशी. खुबा मोडायला एवढं पुरे होतं.

मागे एका आबांच्या पत्नी दुकानात आल्या. म्हणाल्या, "ताई, ह्यांना रात्री उठलं की गरगरतंय. मी म्हणते बीपीची गोळी जास्त झाली आसंल. आज निम्मीच देऊ का?" आबांच्या कागदावर काय आहे ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आबांनी नवी कॅप्सूल चष्म्याच्या डबीत ठेवली होती आणि मला बजावलं होतं की घरात कळता कामा नये. त्यांचं गुपित मी फोडायचं नाही, पण बीपीची गोळी निम्मी होऊ द्यायची नाही, असा पेच. मी म्हणाले, "काकू, बीपीच्या गोळीला अजिबात हात लावू नका, आणि आबांना आजच्या आज माझ्याकडे पाठवा." आबा संध्याकाळी आले. त्यांना बाकावर बसवून सगळं समजावलं. तासाभरानं ते काकूंना घेऊनच परत आले, आणि मग काकूंनी मला एवढे नेमके प्रश्न विचारले की वाटलं, हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. त्यानंतर त्या घरात रात्री परसातला दिवा चालू राहतो. आबा जागे झाले की आधी पलंगावरच पाय खाली सोडून मिनिटभर बसतात, मग उठतात. लघवीलाही रात्री बसूनच जातात. चक्कर डॉक्टरांच्या कानावर घातली, त्यांनी बीपीच्या औषधाची वेळ बदलून दिली.

कढत पाण्याची अंघोळ आणि दारू, दोन्हींनी ही चक्कर वाढते.

आता जेवणाचं. टॅमसुलोसिन रोज एकाच जेवणानंतर साधारण अर्ध्या तासानं घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर ती रक्तात जास्त उतरते आणि बीपी जास्त पडू शकतं. आमच्याकडे हे नेमकं उपासाला आडवं येतं. संकष्टीला चंद्रोदय होऊन जेवायला साडेनऊ-दहा वाजतात, आणि आठच्या ठोक्याला गोळी घ्यायची सवय असलेला माणूस ती उपाशीपोटी घेऊन मोकळा होतो. त्या दिवशी गोळी जेवणानंतरच घ्या, दोन तास उशीर झाला तरी चालतो. एकादशीला फराळ पोटभर होत असेल तर त्यानंतर घ्या. निर्जळी उपास करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं, आणि ह्या वयात निर्जळी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि चांगली पाच-सहा दिवस सुटली, म्हणजे गावाला गेलो, वारीला गेलो, पाकीट घरी राहिलं, तर आल्यावर गपचूप पुन्हा सुरू करायची नाही. शरीर पुन्हा नवखं झालेलं असतं, पहिल्या दिवसांसारखी चक्कर परत येऊ शकते. डॉक्टरांना फोन करून विचारा. वारीला निघणाऱ्यांना मी जायच्या-यायच्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या एकदमच देते. आणि कॅप्सूल उघडून, गोळी खलबत्त्यात कुटून घ्यायची नाही. दिवसभर हळूहळू विरघळावी अशी ती बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो.

बीपीच्या डॉक्टरांना का सांगायचं, तर ह्याच कुळातलं एक औषध बीपीसाठीही देतात: प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले, तेच हे. उत्तम औषध, पण टॅमसुलोसिनच्या जोडीला ते आलं की एकाच कामाच्या दोन गोळ्या पोटात जातात आणि बीपी धाडकन खाली येऊ शकतं. दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळे कागद, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेलेच नसतात. असाच घोळ नावांचाही होतो. युरिमॅक्स काय, व्हेलटॅम काय, दोन्हींत टॅमसुलोसिनच आहे. जेनेरिकच्या दुकानातली स्वस्त गोळी सुरू केली आणि घरातलं ब्रँडचं पाकीटही संपवायला काढलं, तर रोज दुप्पट डोस होतो. म्हणून मी पट्टी कापून देताना नाव छापलेला भाग गिऱ्हाइकाकडे राहील असं बघते. बाहेरही फक्त "लघवीची गोळी" म्हणून मागू नका. पायाची सूज उतरवणाऱ्या गोळीलाही लोक तेच म्हणतात, आणि ती लघवी वाढवते.

सगळ्यात जास्त दडवलं जातं ते पुढचं, म्हणून उघडच लिहिते. टॅमसुलोसिन आणि विशेषतः सिलोडोसिन घेताना काही पुरुषांचं वीर्य संबंधाच्या वेळी बाहेर येत नाही किंवा फार कमी येतं. ते आत मूत्राशयाकडे जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. ह्यानं शरीराला अपाय होत नाही. पण कुणी आधी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो, गोळी बंद करतो आणि गप्प बसतो. ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइडनं काहींची इच्छा कमी होते, स्तन हुळहुळतात, दुखतात किंवा तिथे गाठ लागते, मन उदास राहतं. ह्यातलं काहीही झालं तर डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. मात्र ह्या भीतीपोटी परस्पर "ताकदीची" गोळी घेऊ नका. त्यात बहुधा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध असतं. ते आणि टॅमसुलोसिन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकत्र आले की बीपी पडू शकतं. ताकदीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही हे सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं तपासण्यांत सापडलेलं आहे. त्याच कुळातलं टॅडालाफिल 5 मिलिग्रॅम तर प्रोस्टेटसाठीच रोज देतात. ज्यांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आहे, त्यांना टॅडालाफिल किंवा सिल्डेनाफिल चालतच नाही. दोन्ही एकत्र आली तर जीवावर बेतू शकतं. अशा माणसाच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात बायको-मुलाला सांगताच आलं नाही की ह्यांनी काल कोणती गोळी घेतली, तर डॉक्टरांनी काय करायचं?

मोतीबिंदूचा मुद्दा मी प्रत्येकाला सांगतेच. 2005 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल ह्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो, लाटेसारखा हलतो आणि बाहुली मधेच आकसते. सर्जनला आधी माहीत असेल तर त्याच्याकडे उपाय आहेत: डोळ्यात द्यायचं औषध, पडदा धरून ठेवणारे बारीक हुक, आणि जरा सावध हात. माहीत नसेल तर ऐन ऑपरेशनमध्ये गुंतागुंत होते. गोळी चार दिवस आधी बंद केली म्हणून हा धोका जात नाही, पूर्वी कधी घेतलेली असली तरी राहू शकतो. त्यामुळे स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, फक्त सांगायचं. आमच्या भागात मोतीबिंदूची शिबिरं होतात. फॉर्मवर शुगर आहे का, बीपी आहे का, हे लोक न लाजता सांगतात आणि प्रोस्टेटच्या गोळीपाशी अडखळतात. मी त्यांना पाकिटावर मोठ्या अक्षरात "डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा" असं लिहूनच देते.

प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायला रक्ताची पीएसए तपासणी करतात, तिचंही असंच. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने घेतलं की पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्टवर 2.8 दिसलं तर डॉक्टर ते 5.6 धरून विचार करतात. लॅबच्या कागदावर मात्र ते "4 च्या आत" म्हणून निर्धास्त दिसतं. ज्या डॉक्टरांना गोळी माहीत नाही, ते कॅन्सरची शंका घ्यायची जागा चुकू शकतात. गोळी चालू असताना आकडा पुन्हा चढायला लागला, तर तो 4 च्या आत असला तरी दाखवायचा.

आणि सून. घरातल्या औषधांचे डबे बहुतेक सुनाच भरतात. ड्युटास्टेराइडची फुटलेली, ओघळलेली कॅप्सूल किंवा फिनास्टेराइडची तुकडे केलेली गोळी गरोदर बाईनं हाताळायची नाही, कारण ते औषध कातडीतून आत जाऊ शकतं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. सासऱ्यांची चिठ्ठी घेऊन पोटुशी सून दुकानात येते आणि तिला माहीतच नसतं की कशाची गोळी आहे. हे मला फार खटकतं. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकतं, म्हणून हे औषध घेणाऱ्यांनी रक्तदानही करायचं नाही. ड्युटास्टेराइड बंद केल्यावर सहा महिने, फिनास्टेराइड बंद केल्यावर एक महिना थांबायचं.

थंडी पडली, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सर्दी-पडशाच्या गोळ्या मागायला रांग लागते. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. एक मूत्राशयाचा जोर कमी करतं, दुसरं त्याचं तोंड आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी ह्यानं पूर्ण तटू शकते. एक नाना दुसरीकडून अशा दोन गोळ्या घेऊन झोपले आणि पहाटे पोट फुगून तळमळायला लागले. नळी घालावी लागली, तेव्हा कुठे जीवात जीव आला. माझ्याकडे साठीपुढचा कुणीही सर्दीची गोळी मागायला आला की मी आधी विचारते, "धार कशी आहे?" काहीजण रागावतात, पण मी विचारायचं सोडत नाही. खाजेच्या, झोपेच्या काही गोळ्यांचंही असंच होतं.

लघवीतून रक्त आलं, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. लघवी पूर्ण तटली, ओटीपोट टणक झालं, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, सकाळची वाट बघू नका. पाणी पिऊन मोकळी होईल म्हणून तांब्यावर तांब्या रिचवू नका, त्यानं कळा वाढतात. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या, चष्म्याच्या डबीतलीसुद्धा.