वाखरी ते महाद्वार

दशमीला पहाटे वाखरीच्या तळावर जाग आली ती राहुटीचे खुंटे उपटायच्या आवाजाने. आळंदी सोडल्यापासून रोज याच आवाजाने उठत होते, पण आज तो ऐकून पोटात कालवलं. उद्या वळकटी ट्रकात टाकायची नाही. टँकरपुढे बादली घेऊन उभं राहायचं नाही. पंढरपूर जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आलं होतं आणि मला ते अजून थोडं लांब असायला हवं होतं.

आदल्या रात्रीची समाजआरती डोक्यातून जात नव्हती. तळावर नजर पोचेल तिथवर माणसं, शेकडो दिंड्यांचे टाळ एकदम चाललेले, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार चोप उंचावतात, ‘होऽऽ’ असा पुकारा होतो आणि सगळं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात आणि तेव्हा कुठे ते टाळही थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची नावं: कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची तुळशीची माळ. लाखो माणसं एका माळेसाठी शांत उभी राहतात. मी वीस वर्षं शाळेत शिकवते आहे, अशी शांतता मी कुठे पाहिली नाही.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. माझ्या टाचेला फोड आला तेव्हा त्यांनीच सुईत दोरा ओवून तो आरपार घातला, दोरा तसाच आत ठेवला आणि वर हळद दाबली. “पाणी दोऱ्यावाटं निघून जातं. कातडी काढू नको माय, तीच तुझी चप्पल हाय.” त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूने चालू लागले. नातेपुत्यानंतर त्यांच्या डोक्यावरची तुळस अधूनमधून माझ्या डोक्यावर यायची. पितळी वृंदावन, खाली चुंबळ. पहिल्या दिवशी मान अशी अवघडली की रात्री कूस बदलता येईना. पण डोक्यावर तुळस असली की माणूस वाकडं चालत नाही, इकडेतिकडे बघत नाही. पाय आपोआप टाळाच्या ठेक्यावर पडतात.

2020 आणि 2021 ला पादुका एसटीने आल्या, पायी वारी झालीच नाही. त्या दोन वर्षांत काय केलंत, असं मी विचारलं होतं. “अंगणात तुळशीभवती चालले. रोज हरिपाठ संपंस्तोर.” एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

वाखरीहून पालख्या दुपारी हलतात. सगळ्या संतांच्या पालख्या इथे एकत्र आलेल्या असतात आणि पंढरीहून नामदेवरायांची पालखी त्यांना आणायला सामोरी येते. मग एकेक पालखी निघते. शेवटून दुसरे तुकोबा, सगळ्यांत मागे माउली. आमची दिंडी रथामागची, म्हणजे आम्ही मागच्यांच्याही मागे. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. आधी चिडचिड झाली. मग पुढच्या टाळकऱ्यांनी पाऊली धरली, मृदंगाने संथ ठाय सोडून दुप्पट लयीची दुगण घेतली आणि आपण पुढे सरकतोय की नाही, याचं भानच उरलं नाही. इसबावीला उभं रिंगण झालं. माउलींचा अश्व दोन्ही बाजूंच्या माणसांमधून वाऱ्यासारखा गेला आणि बायाबापड्या त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावल्या. मीही लावली. ओलसर होती ती माती, बुक्का मिसळलेली.

इसबावी सोडल्यावर आजींनी तुळस मागून घेतली. “आता माझ्याकडं दे.” मी दिली. डोकं एकदम हलकं झालं आणि मला रडू आलं. त्या बघून न बघितल्यासारखं करून चालत राहिल्या.

गावात शिरलो तेव्हा रात्र झाली होती. मुक्कामाच्या मठात पाठ टेकली न टेकली तोच आजींनी उठवलं. चंद्रभागेचं पाणी गार होतं. वाळवंटात पाय ठेवायला जागा नव्हती, पुंडलिकाच्या देवळाभोवती नुसती डोकी. दर्शनबारीला उभं राहायचा विचारच आजींच्या मनात नव्हता. त्यांच्या घरी कळसदर्शनाचीच रीत. घाट चढून महाद्वाराशी आलो. तिथे नामदेवांची पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. आजी आधी चोखोबांपुढे वाकल्या. ज्याला आत येऊ दिलं नाही तो इथे दारात बसलाय, आणि ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून सानेगुरुजींना 1947 साली इथेच पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. वर्गात हे मी कितीदा सांगितलं असेल. त्या पहाटे चोखोबांसमोर उभी होते आणि मला आत न गेल्याची काहीच हुरहुर वाटली नाही.

आजींनी तुळस खाली ठेवली, कळसाकडे तोंड केलं आणि बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. वारीच्या वाटेवर ज्यांनी ज्यांनी “आमचा नमस्कार सांगा” म्हटलं होतं, त्यांचे नमस्कार. गावातली जाऊ, गुडघे गेलेली. शेजारचा म्हातारा. दिवे घाटात पाया पडलेली एक पोर, तिची परीक्षा होती. लोणंदला भाकरी वाढणारी बाई. प्रत्येकाचं नाव घेऊन, नाव माहीत नसलं तर ओळख सांगून, कळसाला हात जोडत होत्या. मागून लोटालोटी चालली होती, पण त्यांना घाई नव्हती. शेवटच्या पेरावर अंगठा अडला.

“एक राह्यलं गं. कोण होतं?”

मी आठवू लागले. फलटण, बरड, माळशिरस. वेळापूरचा उतार, जिथून आम्ही सगळे धावत खाली आलो होतो. तिथे धाप लागून बसलेल्या आजींना एकाने चहा दिला होता आणि पैसे घेतले नव्हते.

“वेळापूरचा चहावाला, आजी.”

“हां! त्यो.” त्यांनी पुन्हा हात जोडले. “इठोबा, वेळापूरच्या उताराला चहा देतो बघ एकजण, त्याचा नमस्कार.”

मग पदर खोचला आणि तुळस उचलायला खाली वाकल्या.