तुराट्यांचा धूर

१३ जुलै, रविवार रात्र

सलाम सगळ्यांना. मलावीत येऊन आज सहा दिवस झाले आन रोजनिशी आत्ता उघडतोय, कारण आधीचे दिवस नुसते बॅगेची वाट बघण्यात आणि कुडकुडण्यात गेले. बॅग कुठंतरी मागं राहिली होती, स्वेटर तिच्यातच. आफ्रिका म्हणलं की ऊन, एवढंच डोक्यात घेऊन आलेला मी जालन्याचा माणूस, आणि इथं जुलै म्हणजे ऐन हिवाळा. त्यात चिपेरोनी नावाची एक भानगड आहे, शेजारच्या मोझांबिकमधल्या डोंगराचं नाव हे, तिकडून धुकं आन भुरभुर पाऊस येतो तो दोन-दोन दिवस हटतच नाही. मम्मीनं बळंच दिलेली गोधडी मी निघताना गुपचूप पलंगाखाली सारून आलो होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिले दोन दिवस ब्लान्टायर शहरात होतो. हे नाव डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचं. तिथलं १८९१ ला पूर्ण झालेलं सेंट मायकल चर्च बघितलं, घुमट, कमानी सगळं विटांचं आणि विटा इथल्याच लोकांनी पाडलेल्या. मला आपलं बेथेल गाव आठवलं. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलं ते पण स्कॉटलंडच्याच मिशनचं काम, म्हणजे तिकडं आन इकडं त्याच देशाची माणसं आली होती, आणि आता मी जालन्याहून इथं मुलांची सुट्टीतली बायबल शाळा घ्यायला आलोय. आमच्या पाळकसाहेबांना फोटो पाठवला तर त्यांनी फक्त अंगठा दाखवला, असो.

आता शहरापासून तासाभरावरच्या एका गावात आहे. ज्यांच्या घरी राहतोय त्या आजीला सगळे आगोगो म्हणतात, आगोगो म्हणजे आजी पण आन आजोबा पण. पहिल्या रात्री जेवायला बसलो तर त्यांची नात जग आन टोपलं घेऊन आली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि हातावर पाणी घालायला लागली. मला कसंतरीच झालं. विमानात बसल्यापासून मी सेवेला चाललोय, सेवेला चाललोय असं मनात घोकत होतो आणि इथं सातवी-आठवीतलं लेकरू माझे हात धुऊ राहिलं. मी उठायला लागलो तर इथल्या पास्टरनं डोळ्यानंच बस म्हणून सांगितलं. रीतच आहे ती, नाही म्हणलं तर त्यांना वाईट वाटतं. तरी पुढचा घास काही नीट गिळला नाही.

घास म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानं वळून कालवणात बुडवायचा. पहिल्या दिवशी चव लागेना, तिसऱ्या दिवशी दोनदा मागितला.

खरी गंमत पुढं आहे. सकाळी झोपेतच धुराचा वास आला आन मला वाटलं मी घरी आहे, मम्मी पाणी तापवू राहिली. उठून मागं गेलो तर तीन दगडांच्या चुलीत तुराट्या! तुरीच्याच. अंगणात शेंगांचा ढीग, आगोगो काठीनं बडवू राहिलेली. इथं तुरीला नान्दोलो म्हणतात. आपल्याकडं आत्ता तूर वीतभर झाली असंल-नसंल, इथं खळ्यावर आली. मी न विचारता दुसरी काठी उचलली तर आगोगो एवढी हसली की पदर म्हणून गुंडाळलेलं कापड सावरावं लागलं तिला. सहा दिवसांत भाषांतराची गरज पडली नाही असं हे एकच काम.

भाषेचं तर विचारूच नका. आज चर्चमध्ये पुढं बोलावलं, मी पाठ केलेलं म्हणून टाकलं, म्वास्वेरा ब्वांजी. सगळी मंडळी खो-खो. ते दुपारनंतर विचारतात, दिवस कसा गेला म्हणून, सकाळी म्वाद्झुका ब्वांजी, झोपून कसे उठलात. म्हणजे मी सकाळी नऊ वाजता अख्ख्या मंडळीचा दिवस मावळवला. साक्ष, म्हणजे देवाबद्दलचा आपला अनुभव सांगायचा, ती दोन मिनिटांची होती, त्या हसण्यातच संपली.

संध्याकाळी वडलांना, म्हणजे आण्णांना, फोन लावला, इथून साडेतीन तास पुढं ते, झोपायलाच आले होते. तुरीचं सांगितलं तर लाईनवर शांतता. आण्णा दरवर्षी आफ्रिकेच्या तुरीच्या नावानं बोटं मोडतात, भारतानं मलावीकडून तूर घ्यायचा २०२१ ला जो करार केला त्यातले वर्षाला ५० हजार टन त्यांना तोंडपाठ आहेत, आपला भाव ह्यांच्यामुळं पडतो असं त्यांचं ठाम मत. आन पोरगं त्याच खळ्यावर बसलंय. बऱ्याच वेळानं म्हणले, "त्यांना काय भाव देतात रे?"

मी पास्टरकडून आगोगोला विचारलं. तिनं हात झटकला. व्हेंडर, म्हणजे माल घेणारा व्यापारी, सायकलवर येतो, तोच वजन करतो, तोच भाव सांगतो.

आण्णांना तसंच सांगितलं. "म्हणजे आपल्यासारखंच," असं म्हणले आणि लगेच, "दाणा कसाय? आपल्या बदनापूरच्या वाणापेक्षा मोठा का बारीक? येताना मूठभर आण."

आण्णा, एअरपोर्टवर धरतात म्हणलं.

"मग फोटो तरी काढ जवळून."

आत्ता टॉर्चच्या उजेडात तळहातावर दाणे घेऊन काढलाय, नेट आलं की जाईल.