एका लिव्हरवर दोन ब्रेक

आज सकाळी भाच्याला घेऊन पिरनवाडीच्या सायकल दुकानात तासभर बसलो होतो. जन्मापासून त्याच्या डाव्या हाताला बोटे नाहीत, म्हणून मिस्त्रींनी पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या दोन्ही वायरी उजवीकडच्या एकाच लिव्हरला जोडल्या आणि पुढचे चाक आधी अडकून मुलगा तोंडावर पडू नये म्हणून पुढची वायर किंचित सैल ठेवली. ते पाहताना सारा स्टोरी यांची सारखी आठवण येत होती. डावा हात जन्मतःच अपूर्ण असलेल्या या ब्रिटिश खेळाडू १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकमध्ये चौदाव्या वर्षी पोहायला उतरल्या, कानाच्या संसर्गाने पाण्याबाहेर राहावे लागले तेव्हा २००५ मध्ये सायकलिंगकडे वळल्या आणि २०२४ च्या पॅरिसनंतर त्यांची सुवर्णपदके १९ झाली, त्यांतली पाच पोहण्यातली. मला पदकांहून तो मधला बदल मोठा वाटतो, कारण नावारूपाला आल्यावर दुसरा खेळ पहिल्यापासून शिकायला फार धीर लागतो. दुकानामागच्या चढावर भाचा दोनदा थांबला. उतरताना मात्र त्याने ब्रेक हळूहळू दाबत सायकल थेट माझ्या पायाशी आणून उभी केली, आणि लगेच वळवून पुन्हा वर नेली.