टिंब वर की खाली?

आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा भक्तिसंगीताचा मेळावा दरवर्षी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होण्याच्या सुमारास भरतो, आणि सांगलीतल्या आमच्या गायनमंडळाचे वर्ष खरे तर त्या मेळाव्यापासून पुढच्या मेळाव्यापर्यंतच मोजले जाते. यंदा तो मिरजेत, येत्या शनिवारी आहे. प्रत्येक मंडळीने एक पद आणि एक चार आवाजांतले भाषांतरित गीत सादर करायचे, आणि शेवटी सर्वांनी मिळून ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एक अभंग म्हणायचा, असा क्रम ठरलेला असतो. यंदा मात्र पत्रात एक नवी अट होती: प्रत्येक मंडळीने आपल्या पदाची स्वरलिपी, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, महिनाभर आधी पाठवावी, म्हणजे इतरांनाही ती चाल बसवता येईल. मी एका शाळेत शिकवते आणि उपासनेत पेटी वाजवते, म्हणून हे काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवले. दोन संध्याकाळी पुरतील असे मला वाटले होते; प्रत्यक्षात पाच आठवडे गेले.

अडचण मुळातली होती. आमच्या पेटीवर ठेवलेल्या गीतांच्या जुन्या पुस्तकात शब्द आहेत, स्वर नाहीत. चाल तोंडातोंडी चालत आलेली, आणि अभंग म्हटला की ती बदलायला मोकळे रान असते, कारण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा साचा एकदा जमला की तेच शब्द कोणत्याही अभंगाच्या चालीत बसतात. कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरकडे कीर्तनातून ख्रिस्तचरित्र सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्यानंतर टिळकांनी अभंग-ओवीला मंडळीत कायमची जागा मिळवून दिली, तेव्हा चालीही लोकांच्या कानातल्याच होत्या. आपलीच चाल मूळची, असे प्रत्येक मंडळीला वाटते. साताऱ्याच्या लोकांना तर टिळक १९१७ साली त्यांच्या गावी राहायला आले होते एवढेच कारण पुरते.

आमच्या पदाची चाल सर्वांत पक्की ठाऊक आहे ती महिला मंडळातल्या सर्वांत वयस्कर आजींना. त्यांच्या घरी जाऊन मी मोबाइलवर त्यांचे गाणे रेकॉर्ड करून घेतले. पद खमाज रागाच्या अंगाचे आहे, म्हणजे वर जाताना शुद्ध निषाद (नी) आणि उतरताना कोमल. आजींनी ते तीनदा म्हटले आणि तिन्ही वेळा उतरताना निषादाची जागा निराळी लागली. एकदा तर धैवतावरून निषादाला नुसता स्पर्श करून त्या परत आल्या. मी विचारले, "आजी, यातले बरोबर कोणते?" त्या म्हणाल्या, "अगं, तिन्ही बरोबर. शब्द कुठला आहे ते बघ की." त्यांचे म्हणणे खरे होते, पण कागदावर एकच लिहिता येते. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही आणि लिपीत ती वरच्या कमानीने दाखवली तरी वाचणारा ती आपापल्या परीने घेतो. अखेर दुसऱ्या वेळचे म्हणणे मी उतरवून घेतले, कारण त्या वेळी मागे कुकरची शिट्टी झाली नव्हती.

त्यानंतर पट्टीचा, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या स्वराला षड्ज (सा) धरायचे याचा, प्रश्न आला. आमच्याकडे सगळे काही काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, म्हणण्याची पद्धत आहे. पूर्वी गायनमंडळात पुरुष अधिक होते आणि त्यांना ही पट्टी सोयीची होती. आता आम्ही अकरा बायका आणि पाच पुरुष आहोत, तरी पट्टी तीच राहिली. अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, आला की निम्म्या बायका गप्प होतात आणि उरलेल्या ओरडतात. हे मला इतकी वर्षे ऐकू येत होते आणि मी काही बोलले नव्हते, याची मला आता लाज वाटते. काळी एक सोडून पांढरी सातवर उतरावे असे मी सुचवले. पुरुषांनी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम फार खाली जातो अशी तक्रार केली. पण दोन तालमींनंतर तार षड्जावर सगळ्या बायकांचा आवाज पहिल्यांदाच एकत्र लागला आणि तक्रार मिटली.

तक्रार मिटली, तर पेटी रुसली. काळी एकमध्ये हे पद वाजवताना पांढरी तीन आणि पांढरी सहा या पट्ट्यांना कधी बोटच लागत नव्हते. पांढरी सातमध्ये नेमका मध्यम पांढरी तीनवर आणि कोमल निषाद पांढरी सहावर येतो. पांढरी तीन बोलेना आणि पांढरी सहा उतरलेली निघाली. मिरजेला सतारी-तंबोऱ्यांच्या कारागिरांच्या वस्तीजवळ पेट्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे मी रिक्षाने पेटी नेली. त्यांनी माझ्यासमोरच वरची फळी काढली, पांढरी तीनच्या पितळी पत्तीखालून धुळीचा एक काळा कण कागदाच्या कडेने बाहेर काढला, आणि पांढरी सहाची पत्ती टोकाकडे हळूच खरवडून स्वर चढवला. टोकाला खरवडले की स्वर चढतो आणि बुडाशी खरवडले की उतरतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. दर खरवडीनंतर ते पत्ती पुन्हा बसवून भाता मारत आणि मान एका बाजूला झुकवून ऐकत. तबल्याचे काम त्या मानाने सोपे होते. आमच्या तबलजींनी स्वर उतरवायला तबल्याचे लाकडी गठ्ठे वर ठोकून पाहिले, पण शाई सैल वाजू लागली, तेव्हा मोठ्या तोंडाचा तबला एका भजनी मंडळाकडून उसना आणला.

सर्वांत मोठी फजिती लिपीचीच झाली. मी लिहिली ती मुंबईच्या पंडित भातखंड्यांच्या पद्धतीने, कारण मी तीच शिकले आहे. दुसऱ्या पेटीवर आमचे आबा बसतात. त्यांनी तरुणपणी विष्णु दिगंबर पलुस्करांच्या निराळ्या लिपीपद्धतीने परीक्षा दिली होती. भातखंडे पद्धतीत तार सप्तकातल्या स्वरावर टिंब देतात आणि मंद्राच्या स्वराखाली. पलुस्कर पद्धतीत वर टिंब म्हणजे मंद्र. तार सप्तकासाठी वर उभी रेघ असते. मला याची कल्पना नव्हती आणि आबांना विचारायचे सुचले नाही. पहिल्या एकत्र तालमीत अंतरा सुरू झाला, बायका पंचम, धैवत, निषाद अशा चढत गेल्या आणि नेमक्या तार षड्जावर आबांची पेटी एकदम मंद्रात घुमली. शिडी चढून गच्चीवर गेलेला माणूस विहिरीत दिसावा तसे झाले. सगळे थांबले. आबा शांतपणे म्हणाले, "बाई, कागदावर आहे तेच वाजवलं मी."

मी भातखंड्यांची पद्धत समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "पलुस्करबुवा आपल्या कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले. त्यांची लिपी सोडून मिरजेलाच मुंबईची लिपी पाठवायची?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय दुसऱ्या मंडळ्यांतही आबांसारखे कोणी असणारच, हे त्या क्षणी लक्षात आले. म्हणून मी पत्राबरोबर दोन्ही लिपी पाठवल्या आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर टिंबाचा अर्थ ठळक अक्षरांत लिहिला. पलुस्कर पद्धतीची प्रत आबांनी स्वतः तपासली. कोमल दाखवण्यासाठी निषादाचा पाय मोडायला मी दोन ठिकाणी विसरले होते, ते त्यांनी लाल शाईने दुरुस्त केले.

चार आवाजांतले गीत या सगळ्यात तीन तालमींत उरकले. आल्टोच्या, म्हणजे खालच्या आवाजातल्या, बायका वरच्या सोप्रानोच्या मागे वाहवत जातात हा आमचा जुना दोष यंदाही आहे, आणि शनिवारपर्यंत तो जाईल असे मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात सामूहिक अभंगाची लिपी आमच्याकडे आली. ती साताऱ्याची चाल आहे, आमच्यापेक्षा ठाय, म्हणजे संथ, आणि उतरताना साधी; टिंबांचा अर्थ मात्र कुठेच लिहिलेला नाही. पंचमाखाली टिंब पाहून ती भातखंडे पद्धतीची आहे असे मी ठरवले आणि आबांच्या प्रतीवर तार स्वरांवर पेन्सिलीने रेघा काढून दिल्या. मग ती चाल आजींना म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली, छान आहे म्हणाल्या, आणि शनिवारी मिरजेला जाताना आपल्याला खिडकीजवळची जागा हवी असे सांगितले. अभंग कोणत्या चालीत म्हणणार असे मी विचारले, तेव्हा त्या हसल्या. "तुम्ही सगळे त्यांची म्हणा. माझ्या एकटीचा आवाज कुणाला ऐकू जाणार आहे?"

मी त्यांना माझ्या शेजारी, पेटीजवळ बसवणार आहे.