लॉक मोजत लाशीनपर्यंत: मॉन्ट्रियलच्या कालव्याकाठचा सायकलमार्ग

मॉन्ट्रियलच्या जुन्या बंदरातून पश्चिमेला निघालं की लगेचच लाशीन कालव्याचे पहिले दोन लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि पुढचं दार उघडायचं. सुमारे 14 किलोमीटरच्या वाटेवर असे पाच लॉक आहेत आणि सगळे मिळून चढ जेमतेम 14 मीटर. लॉकपाशी एखादी छोटी चढण, बाकी डांबरी वाट सपाट. तरी आम्ही ही वाट लॉक मोजत बघतो, कारण कारखाने कुठे उभे राहायचे ते या चढानेच ठरवलं.

सेंट लॉरेन्स नदीतला लाशीनचा खळाळ टाळून बोटी वर नेता याव्यात म्हणून 1825 मध्ये कालवा सुरू झाला. 1840च्या दशकात तो रुंद केला आणि लॉकजवळ पडणाऱ्या पाण्याची ताकद कारखान्यांना भाड्याने दिली जाऊ लागली. त्यामुळे तिसऱ्या, सँ-गॅब्रिएल लॉकच्या आसपास लाल विटांच्या इमारतींची गर्दी दिसते. 1854चा रेडपाथ साखर कारखाना इथलाच. आज त्यात घरं आहेत. भिंतींवरून नजर खाली आणली की पाणी आत घेणारे बुजलेले मार्ग कुठेकुठे ओळखू येतात. त्यासाठी सायकलवरून उतरून चालावं; चालत्या सायकलवरून ते निसटतात.

मागे वळलं तर पिठाच्या गिरणीवरची ‘फारिन फाइव्ह रोझेस’ ही लाल अक्षरं दिसतात. पूर्वी पुढे ‘फ्लावर’ (Flour, म्हणजे पीठ) हा इंग्रजी शब्दही होता, तो फ्रेंचला प्राधान्य देणाऱ्या 1977च्या भाषा कायद्यानंतर उतरवला. रात्री ही पाटी लुकलुकते, तेव्हा अंधार पडल्यावर परतणाऱ्यांना खूण म्हणून बरी.

पहिला टप्पा म्हणजे अ‍ॅटवॉटर बाजारापर्यंतचे साधारण 4 किलोमीटर. घोटाळे इथेच होतात. चालणारे, धावणारे, बाबागाड्या, स्केट्स आणि सायकली, सगळे एकाच पट्ट्यावर. पुलांखालचे बोगदे अरुंद, वळणं आंधळी. आत शिरण्याआधी घंटी वाजवा, वेग उतरवा आणि उजवी बाजू सोडू नका. मार्गावरची मर्यादा ताशी 20 किलोमीटर आहे. ओल्या लाकडी फळ्यांवर ब्रेक दाबायचा नाही, सायकल सरळ ठेवून आपोआप जाऊ द्यायची. आणि सुट्टीच्या दुपारी हा टप्पा सायकलने करणं निव्वळ वैताग आहे. सकाळी नऊच्या आत निघावं.

चौथ्या, कोत-सँ-पॉल लॉकनंतर पाचव्यापर्यंत मोठा पट्टा एका पातळीवर आहे. उतार नाही, म्हणून पाण्याच्या ताकदीवरचे जुने कारखानेही नाहीत. दिसतात ती गोदामं, रुळांची जाळी, महामार्गाचे खांब. बहुतेक जण या पट्ट्याला कंटाळवाणा म्हणतात. आमच्या मते उद्योगाची खरी हालचाल इथेच अजून जाणवते. मात्र सावली कमी, खायला मिळण्याची ठिकाणं तुरळक, त्यामुळे माणशी किमान एक लिटर पाणी बाजारापाशीच भरून घ्या. थंडीत गोठून वसंतात वितळणाऱ्या जमिनीमुळे डांबरात आडव्या भेगा पडतात. 28 मिलिमीटरचे टायर पुरतात, 32 चे जास्त सुखाचे. हवा कमी असेल तर भेगेच्या कडेवर ट्यूब रिमशी चेमटून दोन जवळजवळच्या भोकांनी पंक्चर होते, म्हणून पंप आणि एक जादा ट्यूब सोबत हवीच.

वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. जाताना तोंडावर घेतला तर परतताना पाठीला मिळतो. उलट क्रम लावणारे शेवटचे किलोमीटर रडत काढतात.

पोहायला बंदी आहे आणि ती मोडू नये. 1959 मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग उघडला, मोठी जहाजं तिकडे गेली, 1970 मध्ये कालवा वाहतुकीला बंद झाला. पण कारखान्यांनी सोडलेले जड धातू आणि तेलकट द्रव्यं तळाच्या गाळातच राहिली. 2002 पासून हौशी बोटी पुन्हा येतात, त्यांनाही वेगमर्यादा आहे, गाळ ढवळला जाऊ नये म्हणून.

पाचवं लॉक ओलांडलं की समोर सँ-लुई तलाव एकदम मोकळा होतो. इथे फरच्या व्यापाराचं 1803चं दगडी गोदाम संग्रहालय म्हणून जपलं आहे. एप्रिलअखेर ते ऑक्टोबर हा जाण्याचा काळ. न थांबता सायकलने एकेरी तासभर, बघत बघत अडीच. पायी साडेतीन ते चार तास धरा.