धुवायचा टब

भांडुपला आमचं चिकनचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गटारीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडून माल नेणाऱ्या केटरिंगवाल्या काकूंनी एका कॅन्टीनच्या कामासाठी नमुना लॅबला दिला. पाच दिवसांनी रिपोर्ट घेऊन त्या स्वतः आल्या. 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, आढळला होता. दादा म्हणाला, "काकू, कोंबडी त्याच सकाळी कापलेली, एकदम ताजी." काकू म्हणाल्या, "ताजी होतीच रे." त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडचं चिकन चाळीतली लहान मुलं खातात.

लॅबमधल्या मॅडमना आमचं काम पहिल्यापासून सांगितलं. हा जंतू धडधाकट कोंबडीच्याही आतड्यात असतो, पिंजऱ्यातल्या विष्ठेतून पिसांना लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे गरम पाण्याचं पातेलं, पिसं काढायच्या मशीनची रबरी बोटं, पोट साफ करताना फाटलेलं आतडं. पण त्या थांबल्या शेवटच्या टबापाशी. साफ केलेली प्रत्येक कोंबडी आम्ही त्यात बुडवून काढायचो आणि पाणी लाल दिसलं तरच बदलायचो. एकीचे जंतू त्याच पाण्यातून मागून येणाऱ्या सगळ्यांना लागत होते.

टब काढायचा तर वाहतं पाणी हवं, आणि आमच्या गाळ्यात पालिकेचं पाणी सकाळी जेमतेम अडीच तास. श्रावणात गिऱ्हाईक नसतंच, तेव्हा गाळा चार दिवस बंद ठेवून माळ्यावर टाकी बसवली. आता कोंबडी नळाखाली धुतो. पाणी वाया जातंय म्हणून दादा कुरकुरला. पाण्यासाठी आयुष्यभर हंडे भरलेला माणूस, त्याचं काय चुकलं? आतडी काढायची सुरी वेगळी, तुकडे करायची वेगळी. कोंबड्या आणणाऱ्या गाडीवाल्यालाही विनवलं, फार्मवर आदल्या रात्रीच दाणा बंद करायला सांग. पोट रिकामं असलं की आतडं फाटलं तरी घाण कमी सांडते.

विसर्जनानंतर पुन्हा नमुना दिला. साल्मोनेला आढळला नाही. मॅडमनी तेव्हाच बजावलं, एका रिपोर्टवर विसंबू नका, उद्याच्या गाडीतूनही जंतू येऊ शकतो. म्हणून आता दर महिन्याला नमुना देतो. गिऱ्हाइकांना सांगतो, घरी नळाखाली धुऊ नका, थेंब ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात. आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला शिजलं की जंतू मरतो. आई अजून हळद लावून तीन पाण्यांनी धुते. तिच्याशी रोज बोलतोय.