काचेवरची घोषणा टिकवायची तर

निवडणूक लागली की साताऱ्यात गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘येऊन येऊन येणार कोण’ उगवतं आणि अनेकदा निकालाआधीच सोलायला लागतं. दोष दरवेळी रेडियमचा, म्हणजे स्टिकरच्या चिकट फिल्मचा, नसतो.

पहिली गफलत कटिंगआधीच होते. अक्षरं एकमेकांत वेल्ड न करता (कॉम्प्युटरवर एकसंध न जोडता) प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या मशीनला दिली, की ब्लेड प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटाच राहतो. तो बारीक ठेवला तर दोन वॉशिंगमध्ये जातो आणि ‘संघर्ष’चा ‘सघर्ष’ होतो! टिंब जरा जाडच ठेवा. आतून लावायचं असेल तर मजकूर उलटा कापायचा, हे सांगायला नको, तरी चुकतंच.

काच आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसा. फवाऱ्याच्या बाटलीत लिटरभर पाण्याला शाम्पूचे तीन-चार थेंब पुरतात. जास्त झाले तर गोंद धरत नाही. ते पाणी काचेवर फवारून स्टिकर बसवा आणि स्क्वीजी (पाणी बाहेर काढायची पट्टी) मधून कडेकडे ओढा. अर्ध्या तासाने ट्रान्सफर टेप (अक्षरं एकत्र धरून ठेवणारी वरची टेप) स्वतःवरच दुमडत, काचेला लागून सोलत न्या. सरळ ओढली तर अक्षरही येतं. महाबळेश्वरच्या पावसात निघायचं असेल तर एक दिवस थांबा.

नंबरप्लेटवर घोषणा नकोच, दंड बसतो. काढताना हेअर ड्रायरने गरम करा. डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असलेल्या काचेला आतून ब्लेड लावलंत, तर तार तुटलीच समजा.